झिजलेला ठसा

(भेस्तान, सुरत येथे मराठी शिक्षक, विद्यार्थी व लिहिणाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीच्या मास्तराने भाषेवर बोलायचे सोडून नाण्यांवर का बोलावे, असा प्रश्न विषय वाचून आपल्यापैकी काहींना पडला असेल. बोलायला उभा राहण्याआधी मी दोन रुपये पहिल्या रांगेत दिले आहेत आणि सोबत एक भिंग. ते हातोहात मागे जाऊ द्या. दोन्ही एक रुपयाचीच नाणी आहेत आणि दोन्ही अस्पष्ट दिसतात. पण दोघांची अस्पष्टता वेगळ्या कारणाने आली आहे. तो फरक मला कळायला बरीच वर्षे लागली. तो कळल्यावर माझ्या वर्गातल्या वह्याही मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. आज तेच सांगायचे आहे.

सुरुवात एका मुलापासून झाली. आमच्या शाळेतला पाचवीचा मुलगा मधल्या सुट्टीत रडवेला होऊन आला. त्याच्या हातात दहा रुपयांचे नाणे होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ते परत केले होते. "आ नकली छे, नहीं चाले," एवढेच तो म्हणाला होता. मुलाने मला विचारले, "सर, हे खोटं आहे का?" मी नाणे पाहिले. अक्षरे सुजल्यासारखी दिसत होती. रुपयाच्या चिन्हातल्या दोन आडव्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. पण नाण्याला पुरेशी चकाकी होती, ते फार हाताळलेले वाटत नव्हते. खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते. मी त्याला दहाची नोट दिली आणि नाणे ठेवून घेतले. संध्याकाळी गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर ते वजन करून पाहिले. काटा ७.७ ग्रॅमवर थांबला. व्यास मोजला, २७ मिलिमीटर भरला. दहाच्या नाण्याचे अधिकृत वजन ७.७१ ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटरच आहे. नाणे खरे होते, फक्त त्याचा चेहरा खोट्यासारखा होता.

त्या काळात दहाच्या नाण्यांविषयी एक अफवाही फिरत होती. पंधरा रेघांचे नाणे खोटे आणि दहा रेघांचे खरे, किंवा रुपयाचे चिन्ह नसलेले खोटे आणि असलेले खरे. वास्तविक रुपयाचे चिन्ह २०१० साली ठरले आणि नाण्यांवर २०११ पासून आले. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कुठून? शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला निवेदन काढावे लागले की दहा रुपयांची नाणी चौदा वेगवेगळ्या नक्षींत निघाली आहेत आणि ती सर्व वैध आहेत. लोकांच्या शंकेसाठी १४४४० हा क्रमांकही दिला गेला. म्हणजे एकाच किमतीच्या नाण्याचे चेहरे चौदा, आणि चौदाही खरे. हा आकडा कृपया लक्षात ठेवा, शेवटी मला तो पुन्हा लागणार आहे.

पण माझ्या हातातल्या नाण्याचे कोडे नक्षीचे नव्हते. नक्षी नेहमीचीच होती, ती फुगली होती. ती का फुगली, हे समजायचे तर नाणे कसे पडते ते थोडे पाहावे लागेल.

नाण्याचा चेहरा ज्या पोलादी तुकड्यावर उलटा आणि खोल कोरलेला असतो, त्याला आपण ठसा म्हणतो. खालचा एक आणि वरचा एक, असे दोन ठसे असतात. त्यांच्यामध्ये धातूची कोरी चकती ठेवायची आणि प्रचंड दाब द्यायचा. आधुनिक यंत्र मिनिटाला शेकड्यांनी नाणी पाडते. दाब पडला की चकतीचा धातू क्षणभर लोण्यासारखा वागतो. तो ठशाच्या खोल भागांत शिरतो आणि मध्यभागाकडून कडेकडे सरकतो. सरकताना तो ठशाला घासतो. एका नाण्याने काही होत नाही. पण चांगला ठसा काही लाख नाणी पाडतो, आणि लाखो वेळा तेच घर्षण तिथल्याच धारांवर होत राहिले की पोलादही झिजते. आपला रुपया आता गंजरोधक पोलादाचा आहे. हा धातू पूर्वीच्या तांबे-निकेलच्या मिश्रणापेक्षा कठीण, त्यामुळे ठशाला त्याचा त्रासही अधिक. म्हणून ठशांवर क्रोमियमचा मुलामा देतात, त्याने आयुष्य वाढते, पण झीज टळत नाही.

ठसा झिजतो तेव्हा काय होते? ठशावर अक्षर म्हणजे खळगा. खळग्याच्या कडा गोलावल्या, रुंदावल्या की त्यात भरणारे अक्षर जाड आणि मऊ होते. कडेजवळची अक्षरे काठाच्या दिशेने ओघळल्यासारखी दिसतात. मोकळी जागा गुळगुळीत राहत नाही, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते. ठशाला तडा गेला तर धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर केसासारखी उंच रेघ उमटते. ठशाचा कडेचा तुकडाच उडाला तर नाण्यावर तिथे नुसता गोळा येतो. आणि कधी ठसा झिजलेला नसतोच, त्याच्या खळग्यांत वंगण आणि धातूची पूड साचून बसलेली असते. मग एखादी मात्रा, एखादा अंक, एखादे टिंब नाण्यावर उमटतच नाही.

हे शेवटचे मी एका पालकांना सांगत होतो. ते इथल्याच एका प्रिंटिंग मिलमध्ये कामाला. त्यांना माझे सगळे वाक्य ऐकावे लागले नाही. म्हणाले, "सर, हाई ते आमनी जाळी चोक व्हस तसंच शे." कापडावर नक्षी छापणाऱ्या जाळीची छिद्रे रंगाने बुजली की बुट्टीच गायब होते, आणि ती एका साडीवरून नव्हे, जाळी धुवेपर्यंतच्या सगळ्या मीटरांवरून गायब होते. भेस्तान-पांडेसऱ्यातल्या माणसाला ठशाचा धर्म शिकवावा लागत नाही.

आता त्या दोन रुपयांकडे या. भिंगातून सिंहांच्या आयाळीकडे पाहा. पहिल्या नाण्यात उंच भाग सपाट झाले आहेत, अक्षरे बारीक आणि पुसट झाली आहेत, पण जी उरली आहेत त्यांच्या मुळाशी रेघ अजून नेटकी आहे. हे नाणे खिशांतून, गल्ल्यांतून, बसच्या वाहकाच्या पिशवीतून फिरून झिजले आहे. झिजण्याआधी ते ठसठशीत होते. दुसऱ्या नाण्यात उलटे आहे. अक्षरे बारीक नाहीत, जाड आहेत. सिंहाखालचे 'सत्यमेव जयते' हे नाण्यावरचे सर्वांत लहान अक्षर, ते जवळजवळ एक पट्टी झाले आहे. पण पृष्ठभागावर हाताळणीच्या खुणा नाहीत. हे नाणे पडले तेव्हाच असे होते. पहिले झिजलेले नाणे आहे, दुसरे झिजलेल्या ठशाचे नवे नाणे आहे.

एक सोपी खूणही सांगतो. नाण्यावरची आगंतुक रेघ खोल असेल तर ती बहुतेक वेळा नाण्याला नंतर पडलेला ओरखडा असतो. रेघ उंच असेल तर ती बहुतेक वेळा ठशाचा तडा असतो. ओरखडा एकाच नाण्याला असतो. तडा मात्र त्या ठशातून पुढे पडलेल्या प्रत्येक नाण्यावर, त्याच जागी, दिसतो. म्हणून नाण्यांचे अभ्यासक एका नाण्यावरून घाईने निष्कर्ष काढत नाहीत. ते दहा नाणी शेजारी मांडतात. दोष एकातच असेल तर नाण्याचे नशीब, सगळ्यांत एकाच जागी असेल तर ठसा.

आणि केवळ पुसट आहे म्हणून नाणे खोटे ठरत नाही, तसेच केवळ पुसटपणावरून ते खरेही ठरत नाही. साच्यात ओतलेली बनावट नाणीही मऊ दिसतात. म्हणून वजन, व्यास, कड हे सारे पाहायचे. चेहरा हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

या शहराला हे नवे नाही. सुरत ही मोगल काळातली नामांकित टाकसाळ. युरोपी कंपन्यांच्या जहाजांतून येणारी चांदी इथे रुपयांत रूपांतरित होत असे. तेव्हा ठसा हाताने मारायचा. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये चांदीची चकती आणि वरून घणाचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे एका नाण्यावर पूर्ण मजकूर क्वचितच येई. कुणावर बादशहाचे अर्धे नाव, कुणावर सालाचा एक अंक, कुणावर टाकसाळीच्या नावाचे शेपूट. आज अभ्यासकाला मूळ मजकूर वाचायचा तर तो एकाच ठशाची अनेक नाणी जुळवून वाचतो.

अशा नाण्यांच्या बाजारात पारख करणारा माणूस लागतोच. आपल्या आडनावांत ती सारी मंडळी अजून हजर आहेत. पोतदार आहेत, पारखी आहेत, सराफ आहेत, टाकसाळे आहेत. पारख म्हणजे वजन, कस आणि आवाज. नाणे दगडावर टाकून ऐकायचे, म्हणून 'खणखणीत नाणे'. अखंड रुपया तो 'बंदा रुपया', आणि भरवशाच्या माणसालाही आपण तेच म्हणतो. मुलगा बिघडला की 'आपलेच नाणे खोटे'. 'छाप', 'ठसा उमटणे', 'ठसठशीत', 'छापा की काटा' हे सगळे शब्द टाकसाळीच्या आसपासचेच. भाषा आणि नाणे यांचे नाते मी जोडलेले नाही, ते मराठीने केव्हाच जोडून ठेवले आहे.

पण पारखीला एक वाईट सवयही लागली होती, ती म्हणजे बट्ट्याची. नाण्यावर जुने साल दिसले की सराफ त्याची किंमत कमी धरायचा, वजन पूर्ण असले तरी. बंगालमध्ये चालू सालाचा सिक्का रुपया पूर्ण किमतीला आणि काही वर्षांनी तोच रुपया बट्ट्याने, अशी रीत होती. ती मोडायला कंपनीने युक्ती केली. नाण्यावरचे शाह आलम बादशहाचे राज्यवर्ष १९ वरच गोठवून टाकले, म्हणजे कोणते नाणे जुने हेच कळू नये. आपल्या सुरती रुपयावर ४६ वे वर्ष असेच गोठले, आणि पुढे मुंबईच्या टाकसाळीत पडलेल्या रुपयांवरही नाव सुरतेचेच राहिले. १८३५ साली सर्व हिंदुस्थानासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला, तेव्हा हा बट्ट्याचा खेळ हळूहळू आवरत गेला. चेहऱ्यावरून किंमत ठरवण्याच्या सवयीने किती लोकांचे नुकसान केले असेल, याचा हिशेब कुठल्या वहीत नसणार. कोपऱ्यावरचा दुकानदार आणि तो जुना सराफ यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

ठसा झिजला की दुसरा कोरावा लागतो. तो कशावरून कोरायचा? इथे खरा धोका आहे. शिवराईचे उदाहरण घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढाच तिचा मजकूर. शिवकाळात सुरू झालेले हे तांब्याचे नाणे पेशवाईतही आणि पेशवाई बुडाल्यावरही चालत राहिले. त्या प्रदीर्घ काळात असंख्य ठसे कोरले गेले. शिवराया गोळा करणाऱ्याच्या पेटीत पाहा. 'शिव'चे 'सिव' झालेले, 'छत्रपति'ची वेलांटी कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ, अक्षरांची वळणे जाड आणि बेढब. कोरणाऱ्याला मजकूर उलटा कोरावा लागतो. समोर ठेवलेल्या नाण्याची जशीच्या तशी नक्कल ठशावर केली तर नाण्यावर अक्षर उलटे पडते. आणि ज्याला लिपी येत नाही त्याच्या दृष्टीने अक्षर म्हणजे नुसती नक्षी.

याहून जुने उदाहरण पश्चिमी क्षत्रपांचे आहे. त्यांचे राज्य या गुजरातेत होते, नाशिककडेही होते. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक लिपीतला मजकूर असे. नहपानाच्या नाण्यांवर त्यात त्याचे नाव ओळखू येते. पुढच्या राजांच्या नाण्यांवर मात्र ती अक्षरे हळूहळू अर्थहीन रेघा आणि टिंबे होत गेली. कुणी ग्रीक वाचणारा उरला नाही, पण कडेला काहीतरी असते एवढे कोरणाऱ्याला माहीत होते, म्हणून तो काहीतरी कोरत राहिला. एका लिपीचा मृत्यू इतका शांतपणे होतो. कुणी ती पुसत नाही. ती वाचता न येणारे लोक ती आदराने उतरवत राहतात.

टाकसाळीत यावर एक उपाय आहे. एक मूळ ठसा जपून ठेवलेला असतो. त्याने नाणी पाडत नाहीत. त्यावरून दुसऱ्या पिढीचे आणि त्यावरून रोजच्या कामाचे ठसे तयार होतात. कामाचा ठसा झिजला की मोडीत काढतात आणि पुन्हा मुळाकडे जातात. नाण्यावरून ठसा करायचा नाही, हा नियम.

आता माझ्या वर्गात या.

मी जवळजवळ तीस वर्षे इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवले. धुळे, नंदुरबार, जळगावकडून उधन्याला उतरलेल्या कुटुंबांची मुले. आठवड्यातून एकदा शुद्धलेखन. फळ्यावर मथळा घालायचा, मग दहा ओळी सांगायच्या, मुलांनी लिहायच्या. एका वर्षी दिवाळीनंतर नंदुरबारकडून एक मुलगी सातवीत आली. पहिल्याच आठवड्यात तिच्या वहीवर मी लाल रेघ मारली आणि एक गुण कापला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले, तेच जाळीचे उदाहरण देणारे. रात्रपाळी करून सरळ शाळेत आले होते. त्यांनी पाठ्यपुस्तक उघडून एका शब्दावर बोट ठेवले आणि फार संकोचाने म्हणाले, "सर, पुस्तकमा असं शे."

तो शब्द 'शुद्ध' होता. मुलीने द खाली ध जोडून तो बरोबर लिहिला होता. मी तो कापला होता, कारण मी आयुष्यभर अर्धा ध आणि पूर्ण द असे 'शुध्द' लिहीत आलो होतो. फळ्यावरचा मथळाच 'शुध्दलेखन' होता. मूळ धातू शुध्, त्याला त लागला की होते शुद्ध. आधी द, मग ध. बुद्ध, युद्ध, प्रसिद्ध सगळे असेच. व्याकरणात मी हे शिकलो होतो, शिकवलेही होते. हाताला मात्र दुसरेच वळण लागले होते.

ते गेल्यावर मी वर्गातल्या अडतीस वह्या मागवल्या आणि टेबलावर शेजारी मांडल्या, नाणी मांडतात तशा. सदतीस वह्यांत 'शुध्द' होते. एकीत 'शुद्ध' होते, आणि ती मुलगी दुसऱ्या टाकसाळीतून आली होती. बाकी चुका मुलागणिक वेगळ्या होत्या. कुणाची वेलांटी चुकलेली, कुणाचा अनुस्वार राहिलेला. ते ओरखडे होते. ही एक चूक सगळ्यांत, एकाच जागी, एकाच वळणाची. तो तडा होता, आणि तो माझा होता.

मी तिचा गुण परत दिला, फळ्यावर मथळा दुरुस्त केला आणि वर्गाला कारण सांगितले. ते सोपे होते. अवघड पुढे होते. तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांच्या वह्या मी कुठून मागवणार? त्यांतला एक आज पाट्या रंगवतो. आमच्या रस्त्यावरच्या एका खानावळीवर त्याने सुरेख, ठसठशीत अक्षरात लिहिले आहे, 'शुध्द शाकाहारी'. मी तिथून रोज जातो. अक्षर त्याचे आहे, तडा माझा आहे.

म्हणून शिक्षकमित्रांना माझे पहिले सांगणे असे आहे. मुलांच्या चुका एकेकट्या मोजू नका, शेजारी मांडून मोजा. एका मुलाची चूक दिसली तर त्याला शिकवा. तीच चूक वर्गभर दिसली तर आधी स्वतःच्या फळ्याकडे पाहा. वर्षातून दोनदा दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाकडून आपल्या वह्या तपासून घ्या. आपला तडा आपल्याला दिसत नाही, कारण आपल्या दृष्टीने तीच नक्षी असते. आणि शंका आली की जुन्या वहीकडे किंवा शेजारच्या पाटीकडे जाऊ नका, शब्दकोशाकडे जा. नाण्यावरून ठसा करू नका.

दुसरे सांगणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण आताचे बोलणे ऐकून कुणी असे समजेल की मी कडक शुद्धतेचा आग्रह धरतो आहे. तसे नाही.

बदल तीन प्रकारचे असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला, वापराने येणारी झीज. संस्कृतातला 'कार्षापण' हा नाण्याचा शब्द नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'काहापण' झालेला आहे. लोकांच्या तोंडात शब्द फिरला, धारा गेल्या, व्यवहार चालू राहिला. ही नाण्याची झीज आहे, तिच्याशी भांडण नको. दुसरा, उघडपणे ठरवून केलेला बदल. १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा 'नये पैसे' होते, १९६४ मध्ये त्यातला 'नये' काढला. आपल्या लेखनातही १९६२ साली साहित्य महामंडळाने चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये आणखी चार जोडले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, 'नांव'चे 'नाव' झाले. टिंब गेले, पण ते ठशात मळ साचल्यामुळे गेले नाही. मूळ ठसाच सर्वांसमक्ष बदलला. त्यावर वाद घालता येतो, आणि घालायलाही हवा, कारण निर्णय कुणी व केव्हा केला हे माहीत असते. तिसरा प्रकार म्हणजे ठशाची झीज, कुणी न ठरवता, कुणाला न कळता, अधिकाराच्या जागेवरून पसरणारी. मला भीती आहे ती हिची.

आणि यांपैकी एकाही प्रकारात न बसणारी एक गोष्ट आपल्या वर्गांत रोज घडते. मूल वहीत लिहिते, 'मना भाऊ मिलमा जास'. आपण लाल शाई उचलतो. मीही उचलली आहे, शेकडो वेळा. पण हे झिजलेले 'माझा भाऊ मिलमध्ये जातो' नाही. ही अहिराणी आहे. तिची विभक्ती वेगळी, क्रियापदाची रूपे वेगळी, आणि ती नियमाने चालतात. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने खानदेशीची स्वतंत्र नोंद केली, जनगणनाही करते. दुसऱ्या टाकसाळीच्या ठशातून पडलेले ते पूर्ण वजनाचे नाणे आहे. चौदा नक्षींचा तो आकडा आता आठवा. वेगळा चेहरा पाहून 'नकली छे, नहीं चाले' म्हणणारा दुकानदार आपल्याला अडाणी वाटतो. मुलाच्या घरच्या बोलीवर 'अशुद्ध' असा शेरा मारणारा मी त्याहून शहाणा नव्हतो. तो निदान एक नाणे परत करत होता, मी मुलाची आई जे बोलते ते परत करत होतो.

मग प्रमाण मराठी शिकवायची नाही का? शिकवायची, नीट शिकवायची. परीक्षा, अर्ज, पुस्तके यांच्या बाजारात ती चलनी आहे. पण कशी, त्याचेही उदाहरण नाण्यांतच आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. त्याने जुनी नाणी वितळवली नाहीत. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा, त्याची अक्षरे अजून दिसतात. एकाच चांदीवर दोन राज्ये वाचता येतात. आपल्या मुलांवर प्रमाण मराठीचा ठसा असाच बसावा, खालची अहिराणी वाचता येईल असा. 'मना भाऊ' ही चूक नव्हे, ही घरची ओळ, आणि शाळेच्या वहीत ती 'माझा भाऊ' अशी लिहायची, असे दोन्ही रकाने शेजारी मांडून मी शेवटची काही वर्षे शिकवले. मुले दोन्ही विसरली नाहीत.

ते दहाचे नाणे अजून माझ्याकडे आहे. मुलाने ते परत मागितले नाही, मीही चालवले नाही. आता दोन्ही रुपये फिरून पुढे आले असतील तर भिंगासकट परत द्या. विद्यार्थ्यांपैकी कुणाला ते घरी न्यायचे असतील तर न्या, पण एक काम करा. आजपासून आठवडाभर घरातली चिल्लर जमवा, शेजारी मांडा आणि कोणते नाणे स्वतः झिजले आहे आणि कोणते झिजलेल्या ठशातून पडले आहे, ते वेगळे करून पाहा. आणि शिक्षकांनो, उद्या वर्गात गेल्यावर आपण तेच वह्यांचे करू.